आवाज खाणारं छत

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला, की दुपारी दोनच्या सुमाराला मी खिडक्यांना ओले टॉवेल लावते. बीडमध्ये आता घरोघर कूलर आहेत, आमच्याकडेही आहे. सून विचारते, "आई, हे काय आता?" मी म्हणते, "सवय." पण ती सवय या घरातली नाही. एका उन्हाळ्यात ती अंगाला लागली, आणि तो उन्हाळा मी घरी काढलाच नव्हता. टॉवेलातून झिरपणारा ओलसर, थोडासा कुबट वारा तोंडावर आला, की मला एक उंच, अंधारलेला हॉल आठवतो, बांबूंच्या परांचीचं जंगल आठवतं, आणि माझ्या टाइपरायटरचा आवाज आठवतो. दर दिवशी थोडा थोडा बदलत गेलेला.

नव्वदनंतरची ती वर्षं. गावात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या. केबलच्या काळ्या वायरी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर कावळे बसत. बीडहून एसटीनं दीड तासावरच्या एका तालुक्याच्या गावी मी कोर्टात होते. पद लघुलेखकाचं, काम बडवण्याचं. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश साहेब ते नीट वाक्यात बसवून सांगायचे, आणि मी मराठी टाइपरायटरवर उतरवून घ्यायची. मेमध्ये कोर्टाला सुट्टी लागे. साहेब आपल्या गावी जात, वकील लग्नांना जात, आणि गावातली सगळी भांडणं महिनाभर गोठून पडत.

त्या वर्षी मात्र सुट्टीत कोर्टाच्या हॉलचं छत नव्यानं व्हायचं होतं. कार्यालयाचं कुणीतरी जबाबदार माणूस किल्ली घेऊन हजर पाहिजे, असा साहेबांचा आदेश होता. अधीक्षकांच्या घरी लग्न निघालं. दुसऱ्या बाबूंच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. माझी मुलं आजोळी गेली होती, नवरा गेवराईला शाळेच्या कामात अडकलेला. किल्ली माझ्याकडे आली. वीतभर लांबीची, लोखंडाची, निजामाच्या वेळची.

इमारतही तेव्हाचीच. कधीकाळची कचेरी. काळ्या दगडाच्या कमानी, दारावर उर्दूत कोरलेल्या दोन ओळी, आणि आत साठ फूट लांब, बावीस फूट उंच असा हॉल. आमचा पुकारा करणारा शिपाई रशीदचाचा सांगायचा, की त्याचे वडील या हॉलमध्ये पंखा ओढायचे. छताला भलामोठा कापडी पंखा टांगलेला, दारांना जाड पडदे, खाली सतरंज्या. पुढं विजेचे पंखे आले, कापडी पंखा निघाला. पडदे फाटले ते परत कुणी लावले नाहीत. सतरंज्यांचं काय झालं कुणालाच माहीत नाही. आणि हॉलमध्ये आवाज घुमायला लागला. भूकंपाच्या पहाटे छताचा जुना चुना ठिकठिकाणी निखळला, वरच्या नुसत्या फरशा उघड्या पडल्या, तेव्हापासून तर बोललेला प्रत्येक शब्द वर जाऊन, पाठीमागच्या भिंतीला धडकून, पुढच्या शब्दावर येऊन पडायचा.

रशीदचाचाला ते आवडायचं. "हाजिर हो" म्हणून त्यानं हाळी दिली, की ती हॉलभर फिरून यायची. "बेटी, आपला आवाज म्हणजे असा पायजे," तो मला म्हणायचा, "की माणूस नदीवर गेलेला असला तरी परत आला पायजे."

पण साक्षीदाराचं हसं व्हायचं. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला." हे वाक्य त्या हॉलमध्ये दिवसातून शंभर वेळा उच्चारलं जाई. साहेब म्हणत, वकील म्हणत, शिपाईही म्हणे. बांधाच्या भांडणात ते चालून जातं. एकदा एक बाई साक्षीला उभी होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. सासरी काय घडलं ते सांगत होती. पहिल्यांदा ती बोलली ते कुणाला कळलं नाही. "मोठ्यानं बोला." ती थोडं मोठ्यानं बोलली, ते घुमलं. मागच्या बाकांवर बसलेले लोक वळून पाहायला लागले. "मोठ्यानं, बाई, मोठ्यानं." तिसऱ्यांदा तिनं पदर तोंडाला लावला. चौथ्यांदा विचारल्यावर ती काहीच बोलली नाही. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग मला सांगितलं, आणि मी टाइप केलं: "साक्षीदार याबाबत काही सांगत नाही." ओळ बरोबर होती. एकही चूक नव्हती तिच्यात.

पुढं नवे साहेब आले. ते दुसऱ्या आठवड्यातच वैतागले आणि वर पत्रावर पत्र पाठवत राहिले. भूकंपदुरुस्तीत काम बसलं, पुण्याचा एक वास्तुरचनाकार येऊन हॉल मोजून गेला, आणि मे महिन्यात एक ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून पोती उतरली. प्रत्येक पोत्यावर परदेशी अक्षरं आणि एका कानाचं चित्र. फाइलमध्ये त्या मालाला "ध्वनिशोषक गिलावा" असं म्हटलं होतं. गावानं त्याचं नाव दोन दिवसांत ठेवलं: आवाज खाणारा चुना. बघायला माणसं यायची. एका म्हाताऱ्यानं पोत्यात हात घालून तो हलका, अभ्रकासारखा चमकणारा दाणा चिमटीत धरला आणि विचारलं, "खाल्ल्याला आवाज मंग जातो कुठं?"

"भोकात जाऊन बसतो," परांचीवरून उत्तर आलं. "लई बारीक भोकं असत्यात ह्याला, बाबा. आवाज आत घुसतो आन् त्याला वाट घावत न्हाई."

हा मच्छिंद्र मिस्त्री. आष्टीकडचा. चाळिशीचा, काटक, कानात चांदीची बाळी. त्याच्या हाताखालचे तिघं त्याच्याच भावकीतले, आणि माल कालवायला त्याची बायको सुभद्रा. सगळीच ऊसतोडीची माणसं. दिवाळी झाली की कारखान्यावर, उन्हाळ्यात परत. मच्छिंद्रचे वडील गवंडी होते, त्यामुळे थापी त्याच्या हाताला लहानपणापासून माहीत. एका वर्षी ऊसतोड संपल्यावर तो गावी न येता पुण्यात राहिला. तिथं एका सिनेमागृहाच्या छताचं असंच काम चाललं होतं. "मी गेलतो रेती चाळायला," तो सांगायचा, "आन् शिकून आलो हे." पुण्याच्या माणसाला सगळ्या मराठवाड्यात हे काम येणारा एवढा एकच मिळाला होता.

शिकून आला म्हणजे काय, तर न घोटायला शिकून आला. वडिलांनी त्याला गिलावा घोटायला शिकवलं होतं. आरशासारखा, हात फिरवला तर तळव्याला थंड लागेल असा. आणि इथं घोटायचं नाही. थापीनं दाबलं की भोकं बुजली. लाकडी पट्टीनं अलगद पसरायचं, वर स्पंज फिरवायचा, खडबडीत ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. त्याच्या भावकीतल्या एकानं पहिल्याच दिवशी सवयीनं दोन हात गिलावा घोटून गुळगुळीत केला. मच्छिंद्रनं तो तुकडा बघितला आणि सगळा उतरवून टाकला. खाली येऊन पाणी प्याला. मग मला म्हणाला, "बाई, हात शिकवायला सोपा हाय. हात आवरायला शिकवनं लई आवघड."

मे महिन्यात आमच्याकडे पाण्याची मारामार. टँकर दिवसाआड. कागदावर लिहिलेलं होतं, पाणी गोडं असावं, क्षाराचं नको. आता गोडं कुठलं आणि क्षाराचं कुठलं, हे कोण तपासणार? सुभद्रा तपासायची. टँकर आला की ती ओंजळभर घेऊन तोंडात घोळवायची, आणि मान हलवायची किंवा थुंकायची. एकदा तिनं भरलेलं अख्खं पिंप नाकारलं. "मचूळ हाय." टँकरवाला तिच्या अंगावर ओरडला, "तुला प्यायचं हाय का भिताडाला लावायचं हाय?" ती म्हणाली, "मी पेले असते. ह्याला चालत न्हाई." टँकरवाला शिव्या देत गेला आणि दुसऱ्या विहिरीचं पाणी घेऊन आला. मचूळ पाणी त्यांनी आंघोळीला वापरलं.

दुसरी काळजी उन्हाची. झळ लागून गिलावा भरभर वाळला तर तडकतो. म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्यांना बारदान लावलेलं, आणि सुभद्रा तासातासानं त्याच्यावर पाणी मारायची. बाहेर रस्त्यावर डांबर पातळ झालेलं, कुत्री गटारात बसलेली, आणि आत गार, ओला, पोत्याच्या वासाचा अंधार. कार्यालयातली माझी खोली दप्तरांनी भरून टाकली होती, म्हणून मी हॉलच्याच एका कोपऱ्यात, डोक्यावर ताडपत्री बांधून, थकलेल्या नकला टाइप करत बसायची. ताडपत्रीवर वरून चुन्याचे थेंब पडत. टप. टप. रशीदचाचा दारापाशी बाकावर आडवा झालेला असे. तो झोपेत घोरायचा, आणि सुरुवातीला त्याचं घोरणंही हॉलभर घुमायचं.

ते पहिल्यांदा माझ्या लक्षात कधी आलं, नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दुसऱ्या आठवड्यात. एक अक्षर दाबलं की त्या हॉलमध्ये नेहमी दोन आवाज यायचे. एक माझा, एक वरून परत आलेला. इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या आवाजासकट टाइप करत होते, आणि ते मला माहीतच नव्हतं. आता साहेबांच्या आसनावरच्या बाजूनं छत पूर्ण होत दाराकडे सरकायला लागलं, तसा तो दुसरा आवाज बारीक होत गेला. एखादा माणूस बोलता बोलता दुसऱ्या खोलीत जावा तसा. मग एका दुपारी तो आलाच नाही. मी हात थांबवून बसले. माझ्या बांगड्यांचा आवाज आला. बाहेर हापशावर कुणीतरी पाणी हापसत होतं, तोही. आणि माझा श्वास. तेहतीस वर्षांच्या आयुष्यात मी कामाच्या जागी स्वतःचा श्वास पहिल्यांदा ऐकला.

शेवटचा हात वाळल्यावर मच्छिंद्रनं तपासणी केली. तो साहेबांच्या आसनाजवळ उभा राहिला आणि सुभद्राला पार दारापाशी पाठवलं. टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि संपली. मग तिथून तो ओरडला, "आयकू येतंय का गं?"

दारातून सुभद्रा म्हणाली, अगदी शेजारी बसल्यासारखी, "अवो, हळू बोला की. मी काय भैरी हाय व्हय?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. उसाच्या फडात, परांचीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ही दोघं वीस वर्षं एकमेकांशी ओरडूनच बोलत आलेली. मग त्यानं खरंच आवाज खाली आणून तिला काहीतरी विचारलं. बहुधा भाकरीबद्दल. तिनं तितक्याच हळू उत्तर दिलं. साठ फुटांवरून. मी माझ्या कागदांकडे बघत राहिले.

सुट्टी सोमवारी संपायची होती. जिल्ह्याहून वरिष्ठ साहेब हॉल बघायला येणार होते. शुक्रवारी सकाळी बांधकामाचे इंजिनिअर साहेब आले, मान वर करून बघितलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. छत राखेच्या रंगाचं होतं, खडबडीत, जागोजागी थोडं गडद, थोडं फिकट.

"हे काय? गोठ्याचं छत वाटतंय. फिनिशिंग कुठाय?"

मच्छिंद्र म्हणाला, "साहेब, ह्याचं फिनिशिंग हेच असतंय."

"रंग मारून टाकू. पांढरा. दोन हात."

"रंग न्हाई चालत साहेब ह्याला. भोकं बुजत्यात. रंग दिला का संपलंच ते. परत घुमाया लागंल."

"मला शिकवतो का बे तू?" इंजिनिअर साहेब चिडले नव्हते. घाईत होते. "वरून माणसं येणारेत. त्यांना काय तुझी भोकं दाखवू?"

मी फाइल काढली. पुण्याच्या माणसाचं पत्र त्यात होतं, इंग्रजीत, आणि रंग देऊ नये हे त्यात दोन वेळा लिहिलेलं होतं. मी ते त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी नजर फिरवली, घडी करून मला परत दिलं. "बाई, तुम्ही टायपिंग बघा."

मी एसटीडीवरून पुण्याला फोन लावला. ते परगावी गेलेत, मंगळवारी येतील, असं तिकडून कळलं. आमचे साहेब प्रवासात. फोन करून मी परत आले तेव्हा हॉलमध्ये रंगारी चढले होते. मच्छिंद्रनं बांधलेल्या परांचीवरूनच. दारावरचा छताचा कोपरा त्यांनी पांढरा करायला घेतला होता. ताज्या रंगाचा वास ओल्या पोत्यांच्या वासात मिसळला होता.

मच्छिंद्र खाली भिंतीला टेकून बसला होता. माणसं अवजारं धुऊन बांधत होती. "आपलं काम झालं," तो म्हणाला, मला की स्वतःला कुणास ठाऊक. "त्येंचं छत हाय. काय लावायचं ते लावतील."

सुभद्रा घमेलं घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "कावून हो बाई, दाराची किल्ली तर तुमच्याकडंच हाय न्हवं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती घमेल्याकडेच पाहत होती.

मला धाडसी म्हणावं असं माझ्यात तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही. मी नियमांचं माणूस. त्या दुपारी मी कोपऱ्यात बसून विचार केला तोही नियमांचाच. पाच वाजता कार्यालय बंद होतं. उद्याचा शनिवार जूनमधला दुसरा होता, म्हणजे कार्यालयालाही सुट्टी. त्यानंतर रविवार. सुट्टीच्या दिवशी कोर्टाचा हॉल साहेबांच्या लेखी आदेशाशिवाय उघडता येत नाही. हे कुठंतरी लिहिलेलं असणारच, आणि नसलं तरी असायला पाहिजे. पाच वाजता मी उठले आणि रंगाऱ्यांना म्हणाले, "वेळ झाली." त्यांनी दारावरचा एक पट्टा पुरा केला होता, साधारण सहा फूट रुंदीचा. "अजून थोडं," म्हणाले. मी म्हणाले, "वेळ झाली." ते उतरले. मी कुलूप लावलं. रशीदचाचानं कुलूप ओढून पाहिलं, दोनदा.

शनिवारी सकाळी इंजिनिअर साहेबांचा माणूस तिथल्या माझ्या भाड्याच्या घरी आला. मी सांगितलं, लेखी आदेश आणा. दुपारी ते स्वतः आले. दारातच उभे राहिले, पाणी विचारलं तर नको म्हणाले. "बाई, नोकरी करायची आहे ना?"

"हो साहेब."

"मग?"

"लेखी आदेश आणा साहेब, मी लगेच उघडते."

ते गेले. मी खाली बसून तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच तांदूळ परत निवडले.

रविवारी चारच्या सुमाराला आमचे साहेब आले. अंगात प्रवासाचा बुशशर्ट, हातात बॅग तशीच. मी दार उघडलं, झालेलं सगळं सांगितलं, पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं. मग आसनावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहा. काहीही वाचा. नेहमीच्या आवाजात."

मी त्या पिंजऱ्यात यापूर्वी कधी उभी राहिले नव्हते. हाताशी जुन्या बोर्डाचं, म्हणजे दिवसाच्या खटल्यांच्या यादीचं, पान होतं, त्यातली नावं वाचत गेले. आपलाच आवाज असा एकटा, कुणी मागून ढकलत नसलेला, ऐकून मला थोडं अवघडल्यासारखं झालं. साहेब डोळे मिटून बसले होते. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी ते पुटपुटले, "पाणी मिळेल का?"

दारापाशी बसलेला रशीदचाचा उठला आणि पाणी घेऊन आला.

साहेबांनी सगळा ग्लास संपवला. मच्छिंद्रला बोलावलं. "हा पांढरा पट्टा खरवडता येईल?"

"येईल साहेब. पर नवा हात द्यावा लागंल, आन् माल संपलाय."

"राहू दे मग. बाकी कुणी हात लावायचा नाही."

संध्याकाळपर्यंत परांची उतरली. शेवटच्या एसटीनं ती माणसं आष्टीला निघाली. सोमवारी हॉल माणसांनी भरला, वरिष्ठ आले, साहेबांचं कौतुक झालं, इंजिनिअर साहेबांना हार घातला गेला. ज्यांनी छत केलं त्यातलं कुणी तिथं नव्हतं, आणि ते कुणाला खटकलंही नाही. मलाही त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी खटकलं.

रशीदचाचानं पहिला पुकारा केला तेव्हा हाळी त्याच्या पायाशीच पडली. त्यानं घशाला हात लावला. पुन्हा दिली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचा गळा नेला. दुसऱ्या दिवसापासून तो व्हरांड्यात जाऊन पुकारा करायला लागला. तिथल्या दगडी कमानींनी त्याला साथ दिली. निवृत्त होईपर्यंत तो तिथूनच लोकांना बोलावत राहिला, आणि आत हळू बोलत राहिला.

कार्यालयाकडून माझा खुलासा मागवण्यात आला. तीन ओळींचा दिला. साहेबांनी फाइलला लावला. वर्षभरानं माझी बदली झाली. ती त्यामुळे झाली, की व्हायचीच होती म्हणून झाली, हे मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दारावरच्या पांढऱ्या पट्ट्याखाली खुर्ची सरकवली तर अजून कर्कश आवाज यायचा. नवखे वकील दचकून वर बघायचे. त्यांना कुणी सांगत नसे.

आता त्या गावी नवीन कोर्ट झालंय, तीन मजली, प्रत्येक खोलीत माइक. जुन्या हॉलचं काय करायचं ते ठरायचंय म्हणे. मी गेले नाही बघायला. खरं सांगायचं तर हॉल मला फारसा आठवतही नाही. मला त्या महिन्याची शांतता आठवते, ओल्या पोत्यांमागची, आणि तिच्यात एकेक करून ऐकू यायला लागलेल्या गोष्टी. माणसाला किती गोष्टी ऐकू येत नसतात आणि त्याला त्याची कल्पनाही नसते, एवढं मला तेव्हा कळलं. त्याचा पुढं आयुष्यात फार उपयोग झाला असं म्हणता येणार नाही. थोडं हळू बोलायला लागले, इतकंच.

मच्छिंद्र आणि सुभद्रा मला एकदाच परत दिसली, बदली होण्याआधी. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यावरून ऊसतोडीचे ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघाले होते; ट्रॉल्यांमध्ये माणसं, कोंबड्या, चुलीची लोखंडं, पाचटाच्या कोप्यांसाठी, म्हणजे झोपड्यांसाठी, बांबू. असल्या छताचं दुसरं काम त्याला मिळालं नव्हतं. त्यांचा ट्रॅक्टर कोर्टासमोर पंक्चर झाला. चाक निघेपर्यंत दोघं आत आली आणि मागच्या बाकावर बसली. कोर्ट चालू होतं. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडाचा दावा, दोन भावांमधला. पांढऱ्या धोतरातला एक इसम पिंजऱ्यात उभा राहून, कुणीही मोठ्यानं बोला न म्हणता, शांतपणे सांगत होता, की झाड पहिल्यापासून थोरल्याच्याच हद्दीत आहे, त्यानं ते लहानपणापासून पाहिलेलं आहे. मच्छिंद्र वर बघत होता. सुभद्रा त्या माणसाकडे बघत होती.

मधल्या सुट्टीत मी बाहेर आले. मच्छिंद्र चाकाकडे गेला होता. सुभद्रा व्हरांड्यात उभी होती. कशी आहेस, वगैरे झालं. मग मी विचारलं, "काय गं, ऐकू आलं का सगळं?"

"समदं आलं, बाई. एक बी शबूद सुटला न्हाई." तिनं पदर खोचला. "पर ते मानूस लबाड बोलतंय."

"कशावरून?"

"आयकाया आलं की."

खालून मच्छिंद्रनं हाक मारली. ती पायऱ्या उतरून गेली, ट्रॉलीत चढली, पोत्यावर बसली. ट्रॅक्टर सुरू झाला. आत घंटा वाजली, साहेब येऊन बसले, आणि धोतरातला इसम परत पिंजऱ्यात उभा राहिला. मी यंत्रात नवा कागद घातला आणि तो सांगत गेला तसं, शब्दही इकडचा तिकडे न करता, टाइप करत गेले.